बातमी सोलून सांगणारा मेतर

मालवणच्या बंदरात आगबोट धक्क्याला लागत नसे. ती बाहेर खोल पाण्यात उभी राहायची आणि उतारू पडावांत बसून तिच्याकडे जायचे. कोणी कुठल्या पडावात बसायचे ते किनाऱ्यावरून पुकारायचे काम आगबोटीच्या एजंटाकडे सत्यवान मेतर करीत असे. वारा कुठलाही असो, त्याने पुकारलेले नाव शेवटच्या पडावातल्या बहिऱ्या म्हातारीलासुद्धा ऐकू जायचे. तो ओरडत नसे. नाव आधी तोंडात नीट जुळवायचा आणि मगच सोडायचा.

सत्यवान वायरीच्या पुढल्या मेतरवाडीतला. घरी होडी होती, दोघे भाऊ रापणीवर, म्हणजे जाळे ओढून मासे धरायला, जात. हा मात्र होडीत बसला की पोट धरून आडवा व्हायचा. मासेमारी करणाऱ्या गाबताच्या पोराला दर्या लागतो, ही गोष्ट वाडीने पुष्कळ दिवस हसण्यावारी नेली. शेवटी बापाने त्याला शाळेत घातले, तो सातवी पास झाला, आणि पाण्यात न जाता पाण्याकाठी करता येईल अशी ही एकच नोकरी त्याला मिळाली.

मुंबईची वर्तमानपत्रे त्याच आगबोटीतून एक दिवस उशिरा यायची. गठ्ठा उतरवून घेऊन तो वाचनालयात आणि वकिलांकडे पोचवायचे कामही सत्यवानकडे होते. अंकाची घडी मोडायची मुभा नव्हती. त्यामुळे घडीवर जेवढे दिसेल तेवढेच तो वाचायचा. मथळा दिसे, बातमीच्या पहिल्या चार ओळी दिसत, पाचवी ओळ घडीत जाई. मग चालता चालता तो मनाशी ताडायचा की मंत्री असे म्हणाले असतील तर विरोधकांनी काय म्हटले असेल, आणि आता पुढे कोण राजीनामा देईल. संध्याकाळी वाचनालयात जाऊन तोच अंक उघडायचा आणि आपले कितपत बरोबर आले ते पाहायचा. सुरुवातीला सगळे चुकायचे. पाच-सहा वर्षांनी चुकण्यापेक्षा बरोबर जास्त येऊ लागले. हे त्याने बायकोखेरीज कोणाला सांगितले नव्हते. बायको सुगंधा म्हणाली होती, "बरा आसा. तरी कामावर चुकीचा नाव पुकारू नकात."

१९५७ च्या डिसेंबरात ग्रामपंचायतीला सरकारी योजनेतून रेडिओ मिळाला. तो शाळेच्या पडवीत मांडला. पंचायतीचा चिटणीस शंकर संध्याकाळी बातम्यांच्या वेळी तो लावायचा आणि बॅटरी उतरू नये म्हणून बातम्या संपताच बंद करायचा. पहिल्या संध्याकाळी सगळी वाडी जमली. पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला, आणि मधोमध रेडिओ. दिल्लीहून कोणी गृहस्थ दहा मिनिटे घाईघाईने बोलले. शिष्टमंडळ, विधेयक, द्वैभाषिक, पुनर्रचना. शंकरने बटण फिरवले. कोणी हलेना.

यमुनाबाई मासे विकायची. साठीच्या घरात होती, आणि बाजारात तिच्या तोंडाला लागायची कोणाची छाती नव्हती. तिनेच आधी विचारले.

"झाला? माका वाटला कोणाशी भांडता हा."

"बातमी सांगी होतो तो, काकी," शंकर म्हणाला.

"ती तुका कळली?"

शंकर बॅटरीची तार नीट करू लागला. यमुनाबाई सत्यवानकडे वळली. "सत्या, तू पेपर वाचतस मां? मगे उठ आणि सांग. कोलबी सोलतत तशी बातमी सोलून सांग."

सत्यवान उठला. लोकांसमोर उभे राहून बोलायची एकच रीत त्याला ठाऊक होती, ती गाऱ्हाण्याची. नारळी पुनवेला दर्यावर नारळ सोडताना वाडीच्या वतीने एक जण देवापुढे मोठ्याने गाऱ्हाणे घालतो. एकेक मागणे मांडून तो थांबतो, आणि जमलेले सगळे एका सुरात ‘होय म्हाराजा’ म्हणतात, तेव्हाच पुढचे मागणे येते. पूर्वी हा मान त्याचा चुलता विठोबा याच्याकडे होता. विठोबाला दमा जडल्यापासून गेली चार वर्षे गाऱ्हाणे सत्यवान घालत होता.

"एक घर आसा," सत्यवानने सुरुवात केली. "तेच्यात दोन भावांच्यो दोन चुली मांडल्यानी." आणि सवयीने तो थांबला.

मागून विठोबाने खोकत खोकत, तोंडावरची रेषही न हलवता म्हटले, "होय म्हाराजा!"

पडवी हसून फुटली. सत्यवानही हसला, पण बसला नाही. "एक भाव मराठी, दुसरो गुजराती. दोघांकय वेगळा घर व्हया. पण मुंबय कोणाची, ह्या ठरत नाय, म्हणान दोघांक एका छपराखाली ठेवल्यानी."

या वेळी पाच-सहा जणांनी ‘होय म्हाराजा’ म्हटले. थट्टेतच, पण कळल्याची थट्टा होती ती.

अशी ती रीत पडून गेली. रोज दहा मिनिटे रेडिओ, आणि रेडिओ बंद झाला की सत्यवान. एक वाक्य बोलायचा आणि थांबायचा. होकार खणखणीत आला तर पुढे जायचा. अर्धवट आला, रेंगाळत आला, किंवा नुसता म्हाताऱ्यांचा आला आणि बायकांचा आला नाही, तर तीच गोष्ट दुसऱ्या अंगाने सांगायचा. कोणाला काय कळले हे त्याला कधी विचारावे लागले नाही. वाडीतला दुकानदार बाबू म्हणायचा, "रेडियो धा मिन्टां, सत्या अर्धो तास. बॅटरी सत्याची उतरना नाय!" पण बाबूही दुकानाला फळी लावून रोज येऊन बसायचा.

महाराष्ट्र झाला, ते त्याने सांगितले. गोवा मुक्त झाला तेव्हा सांगायची गरजच पडली नाही, लोक आधीच हद्दीवरच्या आरोंद्याच्या खाडीकडे पळाले होते. चीनने हल्ला केला तेव्हा नेफा कुठे आहे हे त्याने शाळेपुढल्या वाळूत काठीने काढून दाखवले, आणि कोणी त्यावर पाय देऊ नये म्हणून यमुनाबाईने भोवती करवंट्या मांडल्या. देवबागची माणसेसुद्धा चालत येऊ लागली.

१९६३ च्या जानेवारीत सोन्याचा हुकूम निघाला. चौदा कॅरेटच्या वर सोन्याचा दागिना यापुढे घडवायचा नाही. त्या संध्याकाळी पडवीत बायकाच जास्त होत्या, आणि सत्यवानला एकेक वाक्य तीन-तीनदा सांगावे लागले. पडवीच्या खाली कोट घातलेला एक अनोळखी गृहस्थ उभा राहून ऐकत होता. लोक पांगल्यावर तो पुढे आला. नाव रविकांत नाडकर्णी. पणजीच्या रेडिओ केंद्रात अधिकारी होता, आणि सासुरवाडी मालवणात असल्यामुळे सणाला आला होता.

"हे तुम्ही रोज करता?" नाडकर्णींनी विचारले.

"होय." सत्यवान कचेरीतल्या मराठीवर आला. "लोकांना कळत नाही म्हणून सांगतो."

"आमच्याकडे बातम्या वाचणारे पुष्कळ आहेत, मेतर. बातमीवर बोलणारा मिळत नाही. पंधरा दिवसांतून एकदा, शनिवारी, दहा मिनिटांचं भाषण. देशात काय चाललं आहे आणि का चाललं आहे, एवढंच, मराठीतून. पणजीला येऊन आवाजाची चाचणी द्याल?"

सत्यवानने अगदी शांतपणे "बघतो" म्हटले. घरी पोचल्यावर त्याला कळले की चपला शाळेच्या पडवीतच राहिल्या आहेत.

त्याचे वय तेव्हा एक्केचाळीस. वीस वर्षे तो दुसऱ्यांची नावे पुकारत आला होता आणि दुसऱ्यांच्या बातम्या सांगत आला होता. घडीत गेलेली पाचवी ओळ आपणच बोलावी आणि ती लांबवर पोचावी, असे त्याला आयुष्यात पहिल्यांदा इतक्या जोराने वाटले. सुगंधाला तो म्हणाला, "जमला तर जमला." तिने ते ऐकून घेतले आणि दुसऱ्याच दिवशी त्याचा कोट परटाकडे दिला.

सोमवारी, ४ फेब्रुवारीला, तो गेला. एसटीने बांदा, मग पत्रादेवी, म्हापसा, आणि बेतीहून फेरीबोटीने पणजी. नाडकर्णींनी त्याला एका खोलीत बसवले. भिंतींना जाड कापड लावलेले, खिडकी नाही, एका बाजूला काच आणि काचेपलीकडे नाडकर्णी. समोर मायक्रोफोन. तांबडा दिवा लागला की बोलायचे. दिवा लागला.

"सरकारने सोन्याबद्दल नवा हुकूम काढला आहे," सत्यवान म्हणाला, आणि थांबला.

कोणी काही बोलले नाही. त्या खोलीत कान बधिर होतील अशी शांतता होती. त्याला वाटले, वाक्य पोचले नाही. त्याने तेच दुसऱ्या अंगाने सांगितले. पुन्हा थांबला, पुन्हा शांतता. चौथ्या वाक्यालाही तो तसाच थांबला. काचेपलीकडून नाडकर्णी हाताने ‘पुढे, पुढे’ अशी खूण करत होते.

ते आत आले. "मेतर, मध्येच इतकं का थांबता? ऐकणाऱ्याला वाटेल रेडिओ बिघडला."

लोकांच्या ‘होय म्हाराजा’साठी थांबतो, हे सत्यवानच्या ओठांपर्यंत आले. पण त्या कापडी भिंतींकडे पाहून त्याला ते बोलायची लाज वाटली. "पुन्हा बोलतो," एवढेच तो म्हणाला.

दुसऱ्या खेपेला तो कुठेच थांबला नाही. मान खाली घालून कागद घडाघडा वाचून काढला. ऐकताना त्याचे त्यालाच वाटले की आपण आगबोटीच्या कचेरीतली नोटीस वाचतो आहोत.

नाडकर्णी सरळ माणूस होते. "पहिल्यांदा तुम्ही बोलत होता, पण थांबत होता," ते म्हणाले. "दुसऱ्यांदा थांबला नाहीत, पण बोललाही नाहीत. महिन्याभराने आणखी एकदा या. त्याच्यापुढे मला जागा अडवून ठेवता येणार नाही."

वाडीला काही सांगावे लागले नाही, चेहऱ्यावरून कळले. तरी सत्यवान तयारीला लागला. आधी तो घराच्या भिंतीकडे तोंड करून बोलला, मग माडाकडे, मग गोठ्यात म्हशीकडे. कोणी ओ देईना, आणि ओ नाही म्हटल्यावर त्याचे पाऊल पुढे पडेना. तिसऱ्या दिवशी बाबूच्या दुकानात नवी बातमी होती. "आयकलास? सत्याक म्हशीन नापास केल्यान. रवंथ करता, पण होय म्हणना नाय."

सत्यवानही हसला, पण त्या दिवशी जेवला कमी. रात्रीची भांडी आवरताना सुगंधा म्हणाली, "तुमका समोर माणूस व्हया. भिंत नको, म्हस नको."

"तू येशीत?"

"मी इलंय तर तुमच्या तोंडाकडे बघून हसान. यमुनाकाकीक न्हेवा. दर शुक्रारी ती सुक्या म्हावऱ्याची पाटी घेऊन म्हापशाच्या बाजाराक जाताच. थंयसून पणजी किती ती?"

"काकी! आणि ती गप रवात?"

"नाय रवाची," सुगंधा म्हणाली. "पण तोंडात पदर घालूक सांगा. डोळे तरी उघडे रवतले मां?"

सत्यवानने नाडकर्णींना पत्र घातले. चाचणी शुक्रवारी दुपारी ठेवता येईल का, आणि समोर एक ऐकणारे माणूस बसवता येईल का. चार ओळींचे उत्तर आले. शुक्रवार, ८ मार्च, तीन वाजता. माणूस चालेल, मात्र आवाज चालणार नाही.

त्या शुक्रवारी यमुनाबाईने बारा वाजेपर्यंत पाटी रिकामी केली आणि सत्यवानबरोबर बस धरली. फेरीबोटीत ती त्याला म्हणाली, "नापास झालंस तर माजा नाव सांगू नको. बाजारात माका तोंड दाखवचा आसा." केंद्राच्या दारातल्या शिपायाने पाटी बाहेर ठेवायची विनंती केली. तिने ती ठेवली, आणि "कोणी न्हेल्यान तर तू भरून देशीत" असे त्याच्याकडून कबूल करून घेतले.

खोलीत ती सत्यवानसमोर खुर्चीच्या अगदी कडेवर बसली. पदराचा बोळा करून तोंडात धरला. तांबडा दिवा लागला.

"सरकारने सोन्याबद्दल नवा हुकूम काढला आहे," सत्यवान म्हणाला. यमुनाबाईने मान खाली-वर हलवली. तो लगेच पुढे गेला. थांबावेच लागले नाही. तोंडाच्या होकारापेक्षा मानेचा होकार लवकर येतो, हे त्याच्या ध्यानात आले. भाषा कचेरीची होती, पण चाल त्याची स्वतःची होती. "यापुढे चौदा कॅरेटहून चोख सोन्याचा दागिना घडवता येणार नाही."

यमुनाबाईने एका हाताने गळ्यातली पुतळ्यांची माळ घट्ट धरली आणि मान आडवी हलवली. नाही म्हणजे नाही.

हे कागदावर नव्हते. सत्यवानने कागद मांडीवर ठेवला. "आता कोणी बाई गळ्यातली माळ धरून बसली असेल," तो तिच्याकडे बघून म्हणाला. "बाई, अंगावरचे कोणी काढून नेणार नाही. आहे ते आहे तसेच राहील. हुकूम नव्या दागिन्यापुरता आहे." यमुनाबाईने माळ सोडली. त्याने परदेशाचे सोने, लढाईची गरज, चोरटा माल, सगळे एकेक करून सांगितले, आणि जिथे तिची भुवई वर गेली तिथे तेच सोपे करून सांगितले.

मग तिने एकदम उजव्या हाताची मूठ करून डाव्या तळव्यावर ठक ठक मारल्यासारखे केले. हातोडी. तिला विचारायचे होते, सोनारांचे काय?

ह्याचे उत्तर सत्यवानने कुठल्याच अंकात वाचले नव्हते, घडीच्या बाहेर नाही आणि आतही नाही. "कोणी विचारील, मग सोनाराने काय करावे," तो सावकाश म्हणाला. "ज्याचे हात बावीस कॅरेटवर बसले, त्याने पोटापाण्याचे काय करावे? ह्याचे उत्तर ह्या हुकमात नाही. ते सरकारला द्यावे लागेल."

दिवा विझला. काचेपलीकडे नाडकर्णी बराच वेळ काहीतरी लिहीत बसले. मग आत आले.

"शेवटचं वाक्य कागदावर नव्हतं," ते म्हणाले.

"नव्हतं," सत्यवान म्हणाला. आता संपले असे त्याला वाटले. "चूक झाली."

"चूक एवढीच की कागदावर नव्हतं. इथे बोलायचं ते आधी लिहून मंजूर करून घ्यावं लागतं. पुढच्या वेळी असलं सगळं लिहून आणा, म्हणजे मला वर दाखवता येईल." वही चाळून ते म्हणाले, "एप्रिलची सहा तारीख. शनिवार. चालेल ना?"

यमुनाबाईने पदर तोंडातून काढला. "काय म्हणतत ते? पास मां?"

"पास, काकी."

"मगे असा पयलाच सांगूचा मां! माजो पदर भिजान चिंब झालो." आणि नाडकर्णींना ती म्हणाली, "सायबानू, ह्या खोलयेक एक खिडकी ठेवा. माणसाचो जीव घुसमटता."

पुढले महिनाभर सत्यवानने भाषण लिहिले. विषय त्यानेच सुचवला होता. लढाई थांबून चार महिने झाले, तरी आणीबाणी का उठत नाही? कागदाच्या उजव्या बाजूला त्याने चार बोटे कोरी जागा सोडली आणि तिथे नावे घातली. इथे काकी मान हलवील. इथे बाबू टोमणा मारील. इथे विठोबाकाका खोकेल, म्हणजे त्याला कंटाळा आला. जिथे नाव पडले तिथे वाक्य नव्याने लिहिले. नाडकर्णींनी मंजुरी मिळवली. दोन ओळी गेल्या, बाकीचे राहिले. पुढे सहा वर्षे, दर पंधरा दिवसांनी, तो असाच लिहीत राहिला. आगबोटीची नोकरी त्याने सोडली नाही. एजंट शनिवारची सुटी द्यायचा, आणि पुढे पुढे लोकांना सांगायचा की हा माझा माणूस. केंद्राच्या पत्रांवर त्याच्या नावापुढे ‘राजकीय समीक्षक’ असे टंकलिहून येई. सुगंधाला तो शब्द नीट म्हणता यायचा नाही, आणि तिने तो शिकायची खटपटही केली नाही.

पण ६ एप्रिलच्या त्या पहिल्या शनिवारी हे काही त्याला माहीत नव्हते. खोलीत समोर कोणी नव्हते. यमुनाबाईचा बाजार शुक्रवारचा, आणि हे त्याचे त्यालाच करायचे होते. कागदाच्या कडेची नावे बघत बघत तो साडेनऊ मिनिटे बोलला, दोनदा घाम पुसला, आणि दिवा विझल्यावर कागदाची घडी करून खिशात घातली. नाडकर्णींनी हात हातात घेतला, पण ते काय म्हणाले हे त्याला पुढे कधी आठवले नाही. रात्री तो म्हापशाला एका ओळखीच्यांकडे झोपला आणि रविवारी दुपारी मेतरवाडीत पोचला.

सुगंधा पेजेचे तपेले उतरवत होती. त्याने कोट खुंटीला लावला, हातपाय धुतले, पाटावर बसला, आणि मगच विचारले.

"आयकलास?"

"आयकलंव. सगळी वाडी इल्ली. देवबागचे पण इल्ले."

"आणि?"

"आणि काय! शंकरान रेडियो बंद केल्यान, आणि सगळे एकामेकांवर धावान गेले. बाबू म्हणालो, सत्याचा खरां, आणीबाणी आता उठवक व्हयी. विठोबाकाका म्हणाले, सत्यान तसा म्हणूकच नाय, कित्याक उठवक गावत नाय ता सांगल्यान. यमुनाकाकी म्हणाली, दोगांकय कळूक नाय. शेजारची शेवंती मधीच म्हणाली, दोनय बाजू बरोबर, तर तिच्यावर सगळे घसरले. दिवेलागण झाली तरी कोण घराक जाईना."

सत्यवानचा हात पेजेच्या वाटीवर थांबला. "भांडले?"

"भांडले म्हणजे! शंकर हात जोडूक लागलो."

"जिंकलो कोण?"

"कोणच नाय." सुगंधाने त्याच्या ताटात भाजलेला बांगडा वाढला. "आज संध्याकाळी परत बसतले. पण तुमका येवक बंदी आसा. काकीन सांगल्यान, सत्याक आता पणजेक बोलांदे, हंय आमी बोलतलंव."

सत्यवानने बांगड्याचा काटा काढला आणि पोटभर जेवला. संध्याकाळी शाळेच्या पडवीतून आवाज चढू लागले तेव्हा तो अंगणात खाटेवर पडला होता. कोण काय म्हणतो ते एवढ्या लांबून कळत नव्हते, पण कोण कोण बोलते आहे ते आवाजावरून ओळखू येत होते. त्यात त्याला दोन आवाज असे ऐकू आले, जे पाच वर्षांत ‘होय म्हाराजा’खेरीज कधी काही बोललेच नव्हते. तो उठून आत गेला, कोरा कागद काढला, उजवीकडे चार बोटे जागा सोडली, आणि तिथे ती दोन नवी नावे लिहून घेतली.